अख्खं वऱ्हाड भाड्यानं गेलं होतं : एका करारनाम्याची गोष्ट

जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना जे अडखळलं ते लिहिताना जरा सारखं केलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय थोडा घरचा आहे. म्हणजे अक्षरशः घराचा.

माझं गाव केनवड. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. बाबा नोकरीनिमित्त बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरात होते. तिथं त्यांनी कर्ज काढून दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेतला. निवृत्त झाल्यावर आई-बाबा गावी आले आणि फ्लॅट भाड्यानं दिला. महिन्याला 13 हजार यायचे. कर्जाचे हप्ते अजून बाकी होते, धाकट्या भावाची फी होती, आणि आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, गोळ्या होत्या. त्या 13 हजारांवर घरातलं बरंच काही चालायचं.

मागच्या वर्षी भाडेकरूंची बदली झाली आणि फ्लॅट रिकामा झाला. त्याच आठवड्यात बाबांना एका माणसाचा फोन आला. बोलायला एकदम गोड. म्हणाला, "काका, तुम्हाला भाडेकरू शोधायची गरजच नाही. मी घर घेतो. महिन्याला 18 हजार फिक्स. घर रिकामं राहिलं तरी 18 हजार. रंग माझा, फर्निचर माझं, एसी माझा. तुम्ही गावाला निवांत राहा."

तो स्वतः तिथं राहणार नव्हता. वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या लोकांना, लग्नाच्या वऱ्हाडाला, दवाखान्याच्या कामासाठी आलेल्यांना तो ते घर एकेका रात्रीच्या हिशोबानं देणार होता. ॲपवर फोटो टाकायचे, चावी कुलपाच्या डब्यात ठेवायची, पाहुणे येणार-जाणार. आमच्याकडून महिन्यानं घ्यायचं, पुढं रात्रीनं द्यायचं, मधला फरक त्याचा. जगभर हा धंदा चालतो आणि त्यात बेकायदा असं काही नाही, मालकाची लेखी परवानगी असेल तर.

मी दिवाळीला घरी गेले तेव्हा करारनाम्याचा मसुदा मोबाईलवर येऊन पडला होता. ओसरीवर बसून मी तो मोठ्यानं वाचत होते. मुदत पाच वर्षं. पहिली तीन वर्षं भाडं वाढणार नाही. मधेच घर मागायचा मालकाला हक्क नाही, त्याला मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल. किती रात्री घर गेलं, किती पैसे आले, हे विचारायचा मालकाला हक्क नाही.

आबा पलीकडं सोयाबीनच्या पोत्यांना टेकून बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं असं आम्ही समजतो. ते एकदम म्हणाले, "माय, आपलं अख्खं वऱ्हाड असंच भाड्यानं देलं होतं. मालक मरून गेला, पण घर काही वापस आलं नाही."

मला वाटलं, आबा काहीतरी जुनी म्हण सांगतायत. रात्री मोबाईलवर शोधत बसले आणि झोपच उडाली. आबा म्हण सांगत नव्हते. खरंच तसं झालं होतं. तर आज त्या भाडेकराराची गोष्ट.

घरमालक, कर्ज आणि फौज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपला मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे जिल्हे म्हणजे वऱ्हाड. इंग्रज त्याला बेरार म्हणायचे.

निजामाच्या राज्यात एक फौज होती, तिचं नाव हैदराबाद कंटिंजेंट. नाव हैदराबादचं, अधिकारी इंग्रज आणि पगाराचं बिल निजामाच्या नावावर. ही फौज महागडी होती. पगार थकत गेले, ईस्ट इंडिया कंपनी पदरचे पैसे घालत गेली आणि ते कर्ज म्हणून निजामाच्या खात्यावर लिहीत गेली. होता होता कर्ज 40 लाखांच्या वर गेलं.

मग 1853 च्या मे महिन्यात तह झाला. निजाम होता नासिर-उद्-दौला. कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवकडचा भाग आणि रायचूर दोआब एवढा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. मालकी निजामाचीच. कंपनीनं वसुली करायची, त्यातून फौजेचा खर्च भागवायचा.

या तहात निजामाच्या बाजूची एक चांगली अट होती. दरवर्षी खरा हिशोब निजामाला द्यायचा आणि खर्च जाऊन जे उरेल ते त्याच्या खजिन्यात भरायचं. म्हणजे आजच्या भाषेत, घर चालवायला दिलंय, पण वहीवर नजर मालकाची.

ही अट सात वर्षं टिकली.

हिशोब मागायचा नाही

1857 चा उठाव झाला. हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं. बक्षीस म्हणून 1860 मध्ये नवा तह झाला आणि वरवर बघता त्यात निजामाची चंगळ होती. धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब परत मिळाले. सुरपूरचं संस्थान मिळालं. 50 लाखांचं कर्ज माफ झालं.

पण त्याच कागदात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, वऱ्हाड इंग्रजांकडंच राहील. दोन, निजाम यापुढं हिशोब मागणार नाही. शिल्लक उरली तर इंग्रज देतील, पण कारभारावर किती खर्च करायचा ते इंग्रजच ठरवतील.

इथं मी थांबले आणि उशाशी ठेवलेला बाबांचा मसुदा परत उघडला. तीच अट. फक्त 1860 च्या ऐवजी कलम 11.

खर्च किती दाखवायचा हे ज्याच्या हातात, शिल्लक किती उरायची हेही त्याच्याच हातात. हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग पुढं हेच सांगत राहिला, की कारभारावरचा खर्च भरमसाट आहे आणि आमच्या वाट्याला येतं ते तुटपुंजं आहे. पण वही मागायचा हक्क तर सोडून दिलेला.

आणि याच काळात घराची किंमत वाढायला लागली होती.

सोन्याची कुऱ्हाड

"वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलीय. सोनं म्हणजे कापूस. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. ते कापूस शोधत हिंदुस्थानात आले आणि आपली काळी माती एकदम जगाच्या नकाशावर आली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून जाऊन नागपूरला पोचली. वाटेत शेगाव, अकोला, बडनेरा. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा गेला, आणि तिथला कापसाचा बाजार मोठा झाला.

म्हणजे बघा, इंग्रजांनी घर घेतलं तेव्हा ते एका कर्जबाजारी मालकाचं आडगावातलं घर होतं. वीस वर्षांच्या आत तेच घर हमरस्त्यावर आलं. हा रस्ता इंग्रजांनीच आणला, हेही खरं. त्यांनी नवीन जमीनमोजणी केली, महसूल बसवला, कचेऱ्या, शाळा काढल्या. घर घेणाऱ्यानं रंग दिला, एसी लावला, असं म्हणू. ते नाकारून चालणार नाही. प्रश्न एवढाच, की वाढलेल्या किमतीत मालकाचा वाटा किती?

सालारजंगानं वऱ्हाड परत मिळवायचा ध्यास घेतला होता. त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. 1876 मध्ये तो स्वतः इंग्लंडला जाऊन आला. मानसन्मान भरपूर मिळाला, वऱ्हाड नाही मिळालं. 1883 मध्ये तो वारला.

वर्षाला 25 लाख, कायमचे

आता मुख्य प्रसंग. शतक संपता संपता दोन भयानक दुष्काळ पडले. 1896-97 चा आणि 1899-1900 चा. वऱ्हाडात माणसं आणि जनावरं अतोनात मेली. वसुली बुडाली, शिल्लक कुठली उरायला! उलट हैदराबादवर आणि वऱ्हाडाच्या खात्यावर नवीन कर्ज चढलं.

मालक अडचणीत असतो तेव्हाच चांगली ऑफर येते. हे मी आता अनुभवानं सांगते.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन 1902 च्या मार्च महिन्याच्या शेवटी हैदराबादला गेला. निजाम होता मीर महबूब अली खान. दोघांचं एकांतात बोलणं झालं. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला करार झाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व कबूल आणि त्या बदल्यात वऱ्हाड ब्रिटिश सरकारला कायमच्या भाडेपट्ट्यानं. भाडं वर्षाला 25 लाख रुपये. पाऊस पडो न पडो, 25 लाख नक्की. शिल्लक-बिल्लक काही भानगड नाही.

ओळखीचं वाटतंय ना? "घर रिकामं राहिलं तरी 18 हजार."

आणि कागदावर ऑफर वाईट नव्हतीच. दुष्काळात शून्य बघितलेल्या माणसाला नक्की येणारी रक्कम मोठीच वाटते. पण त्या 25 लाखांतूनही सुरुवातीला दुष्काळाच्या कर्जाचा हप्ता कापून घेतला जायचा. आणि "कायमचा" या शब्दाला मुदत नसते, भाडेवाढ नसते, नोटीस नसते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी 1903 मध्ये, निजामाला जी.सी.बी. हा मोठा किताब मिळाला. लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला : गेव्ह कर्झन बेरार. कर्झनला बेरार देऊन टाकलं! आजच्या मीमवाल्यांनी हात टेकावेत असा विनोद आहे तो.

भाडेकरू भिंती पाडतो

करार झाल्यावर घर घेणाऱ्यानं काय केलं? 1 ऑक्टोबर 1903 पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडं सोपवलं. तोपर्यंत कारभार निदान हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालायचा, आता सूत्रं नागपूरला. म्हणजे ज्याच्याशी मालकाची रोजची ओळख होती तो माणूसच बदलला.

1905 मध्ये खोल्या बदलल्या. तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रज त्याला बासिम म्हणायचे. तो जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळकडं गेला. पुन्हा वाशीम जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. म्हणजे 93 वर्षं आमच्या केनवडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोला गाठावं लागायचं. आबा सांगतात, एका सातबाऱ्याच्या भांडणापायी त्यांच्या वडिलांनी अकोल्याच्या इतक्या चकरा मारल्या, की वकिलाची पोरं त्यांना मामा म्हणायची.

महबूब अली खान 1911 मध्ये गेले. मुलगा मीर उस्मान अली खान गादीवर आला. त्यानं 1923 मध्ये वऱ्हाड परत मागितलं. म्हणणं असं, की माझ्या वडिलांनी ती सही दबावाखाली केली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर मार्च 1926 मध्ये आलं, आणि ते भाडेकराराबद्दल कमी, औकातीबद्दल जास्त होतं. सारांश असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तुम्ही आमच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाद घालू शकत नाही. भाडेकरूच न्यायाधीश निघाला!

1936 मध्ये समजूत म्हणून एक नवा करार झाला. निजामाला "हैदराबाद आणि बेरारचा निजाम" असा किताब आणि युवराजाला "प्रिन्स ऑफ बेरार". दारावर नावाची पाटी मालकाची, चावी भाडेकरूकडं. आणि भाडं? तेच, 25 लाख. 34 वर्षांत मधे एक महायुद्ध होऊन गेलं, सगळ्या वस्तूंचे भाव कुठल्या कुठं गेले. भाडं जागच्या जागी.

1947 ला भाडेकरू देश सोडून गेला. पुढच्या वर्षी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. वऱ्हाड 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलं. करार कधी संपला असं विचारलंत तर घरमालक आणि भाडेकरू दोघंही उरले नाहीत, म्हणून संपला.

घरात राहणाऱ्यांना कोणी विचारलं?

ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा मला वाटलं, ते निजामाची बाजू घेतील. बाबा म्हणाले, "अगं, पण निजाम तरी कुठं आपला होता? 25 लाख आपल्या कापसाचे आणि ते जायचे हैदराबादला."

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. 1853, 1860, 1902, 1936. चारही कागदांवर दोनच पक्ष. मालक आणि चालवणारा. त्या घरात राहणाऱ्या लाखो वऱ्हाडी माणसांची सही कुठंच नाही. रयतेला विचारायची पद्धतच नव्हती.

मग मला संभाजीनगरच्या फ्लॅटसमोरच्या काकू आठवल्या. एकट्या राहतात. आई-बाबा तिथं असताना त्यांचा दूधवाला आणि आमचा दूधवाला एकच. आमची एक चावी त्यांच्याकडं असायची. आता त्यांच्या दारासमोर दर दोन दिवसांनी नवीन माणसं, रात्री एक वाजता सुटकेसच्या चाकांचा आवाज, लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे. करारनाम्यात त्यांचं नाव कुठं होतं? मी काकूंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचं घर आहे बेटा, तुम्ही ठरवा. पण मला आधी सांगितलंस, बरं केलंस."

आजचा कायदा काय म्हणतो

आता थोडं कामाचं. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढा भाग तरी ऐका.

गंमत अशी, की महाराष्ट्रात घरभाड्याचे कायदेसुद्धा जुन्या राज्यांच्या हद्दींप्रमाणं तीन होते. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात 1947 चा मुंबई भाडे कायदा. आपल्या विदर्भात 1949 चा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश. मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा कायदा. म्हणजे आमचं केनवडचं घर एका कायद्यात आणि संभाजीनगरचा फ्लॅट दुसऱ्या. तिन्ही मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 आला आणि तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कलम 55 : करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. कलम 26 : करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. म्हणून तर अशा धंद्यातला माणूस ती मुभा आधीच लिहून घेतो. कलम 24 : लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्क मागता येतं. पण हे कलम राहण्यासाठी दिलेल्या जागेबद्दल आहे. आमच्याकडं घेणारा स्वतः राहणारच नव्हता. रिसोडच्या वकीलकाकांनी तिथंच बोट ठेवलं.

आणि "लीज" आणि "लायसन्स" हे दोन शब्द सारखे समजू नका. लीजमध्ये समोरच्याला जागेत हक्क मिळतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी. मसुद्यात कोणता शब्द आहे, ते आधी बघा.

दुसरी बाजूही सांगते. लांब मुदतीनं घ्यायचं आणि थोड्या मुदतीनं द्यायचं, या धंद्यात घेणाराही बुडू शकतो. ऑफिसच्या जागांबाबत हेच करणारी वीवर्क ही मोठी अमेरिकन कंपनी नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. पर्यटकांना फ्लॅट देणाऱ्या सॉन्डरनं नोव्हेंबर 2025 मध्ये गाशा गुंडाळला. "रिकामं राहिलं तरी भाडं" हे वचन, वचन देणारा उभा आहे तोपर्यंतच खरं.

आम्ही काय केलं

बाबांनी त्या माणसाला चार गोष्टी मागितल्या. मुदत पाचऐवजी दोन वर्षं. नोटिशीचा हक्क दोघांना सारखा. दर तीन महिन्यांनी किती रात्री गेल्या आणि किती पैसे आले याचा हिशोब, आणि ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर त्यात थोडा वाटा. चौथी, सोसायटीची आणि समोरच्या काकूंची संमती.

मुदतीवर तो तयार झाला. नोटिशीवर कुरकुरत तयार झाला. काकूंबद्दल हसला. हिशोबावर मात्र एकदम गंभीर झाला. म्हणाला, "काका, तो माझा धंदा आहे. हिशोब कोणीच दाखवत नाही."

बाबांनी फोन ठेवला. आबांनी विचारलं, "काय म्हणला?" बाबा म्हणाले, "हिशोब दाखवत नाही म्हणतो." आबा म्हणाले, "मंग अठराशे साठच हाय ते."

फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला. त्या दीड महिन्यात कर्जाचा हप्ता बाबांनी सोयाबीनच्या पैशातून भरला, आणि यंदा भाव कसा होता ते शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. आईनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या त्या इतिहासापायी आपण चुकलो तर नाही ना गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता तिथं एक नर्सताई, त्यांचे मिस्टर आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी राहते. भाडं साडेचौदा हजार. म्हणजे दरमहा साडेतीन हजार कमी. तो माणूस कदाचित पाच वर्षं नियमानं पैसे देत राहिलाही असता. सगळेच कर्झन नसतात.

पण नर्सताईंच्या मुलीची एक चावी आता काकूंकडं असते, शाळेतून लवकर आली तर म्हणून.

तुमच्या घरी असा कागद आला तर सही करा किंवा करू नका, तो तुमचा निर्णय. फक्त रकमेचा आकडा वाचायच्या आधी तीन गोष्टी वाचा. परत कधी मिळणार, हिशोब कोण बघणार, आणि ज्यांना तिथं राहायचंय त्यांना कोणी विचारलंय का. महबूब अली खानांनी 25 लाखांचा आकडा आधी वाचला असावा, असं मला आपलं वाटतं.

आणि हो, आबांना आता बरोबर ऐकू येतं हे आम्हाला कळलंय. त्यामुळं घरात सगळे जपून बोलतात.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जरा बसा.